अँटीव्हायरसला ८ हजार घालू का? मिरजेच्या काकांना उत्तर

काका, तुमचा मेल दोनदा वाचला. म्हणजे प्रकरण असंय की तुम्ही झेडपीतून रिटायर, घरी विंडोज १० वाला असेम्बल्ड डेस्कटॉप, त्यावर नेटबँकिंग, म्युच्युअल फंड आणि सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून तिचा सगळा हिशोब. दुकानदार म्हणतोय ३ वर्षांचा देशी अँटीव्हायरस २,४०० ला घ्या, मुलगा म्हणतोय परदेशी मोठा पॅक घ्या, पहिल्या वर्षी फक्त १,२९९. आणि मेलच्या शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की सेव्हिंग खात्यात ११ लाख पडून आहेत. त्यावर येतोच.

आधी मुलाचा पॅक. १,२९९ हे आमिष आहे हो, रिन्यूअल ३,४९९ चं आहे हे तुम्हीच लिहिलंय, म्हणजे ३ वर्षांचे झाले ८,२९७. त्यात व्हीपीएन (इंटरनेट वापर लपवणारी सोय) आहे जे तुम्हाला लागत नाही, आणि ते 'आयडेंटिटी प्रोटेक्शन' म्हणून जे काय आहे त्यासाठी पैसे मोजायच्या आधी हे बघा की सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो, तुमच्या नावावर कुणी परस्पर कर्ज काढलंय का ते त्यात कळतं. शिवाय कार्ड एकदा जोडलं की १५,००० पर्यंतचं ऑटो रिन्यूअल ओटीपी न विचारता कापलं जातं, २४ तास आधी मेसेज येतो तेवढाच, आणि तो कोण वाचतंय. मी स्वतः एका लॅपटॉपच्या अँटीव्हायरसचे २ वर्षं पैसे भरत होतो, लॅपटॉप विकून झाल्यावर! दुसऱ्यांना खर्च लिहून ठेवा सांगणारा माणूस मी. तर हा पॅक नको.

आता दुकानदाराचा. वर्षाला ८०० पडतात, वाईट नाही. क्विक हील वगैरे आपल्या पुण्याचीच, काटकर बंधूंची, कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानातून वर आलेली कंपनी, आपल्याकडे पेनड्राइव्हमधून फिरणाऱ्या व्हायरसची या लोकांना चांगली ओळख आहे. पण विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचाच डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस आधीपासून फुकट येतो आणि ज्याचा कॉम्प्युटर अपडेटेड आहे, जो पायरेटेड काही टाकत नाही, त्याला तो पुरतो असं माझं स्पष्ट मत आहे. प्रश्न एवढाच की तुमच्याकडे तो चालू आहे का? असेम्बल्ड मशीनमध्ये बऱ्याचदा विंडोज क्रॅक केलेलं (लायसन्स न घेता चालवलेलं) असतं, तो क्रॅक डिफेंडर पकडतो म्हणून टाकणारा पोऱ्या डिफेंडरच बंद करून ठेवतो आणि मग तोच वर अँटीव्हायरस विकतो. सेटिंगमध्ये विंडोज सिक्युरिटी उघडून बघा, आणि विंडोजचं बिल आहे का ते दुकानदाराला विचारा, चेहऱ्यावरून कळेल.

दुसरं म्हणजे विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मायक्रोसॉफ्टने घरगुती लोकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सिक्युरिटी अपडेट ठेवलेत, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की फुकट मिळतात, ते आजच करा. अपडेट नसेल तर अँटीव्हायरस म्हणजे भिंत पडलेल्या घराच्या दाराला कुलूप. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा रॅन्समवेअर (फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आला तेव्हा ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मार्चमध्येच येऊन गेला होता, ज्यांनी टाकला नाही ते अडकले. मशीन विंडोज ११ घेत नसेल (जुन्या प्रोसेसरवर नाही चालत) तर ३ वर्षांचा अँटीव्हायरस घेऊन त्या मशीनचं काय करणार? घ्यायचाच तर १ वर्षाचा घ्या. तुम्ही झेरॉक्सवाल्याकडे पेनड्राइव्ह नेता आणि नातू सुट्टीत गेम टाकतो असं लिहिलंय, तेवढ्यासाठी मी नको म्हणणार नाही.

पण त्याआधी एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या, अँटीव्हायरसपेक्षा महाग पडेल तरी. रॅन्समवेअरने सोसायटीचा हिशोब लॉक केला तर बॅकअप हाच एक इलाज, आणि दर रविवारी कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात, लावून ठेवली तर तीही लॉक होते.

आता ते ११ लाख. बँकेतून बोलतोय म्हणून फोन येतो, माणूस एनीडेस्क टाकायला सांगतो, आपण टाकतो. एनीडेस्क हे दुसऱ्याला लांबून आपला कॉम्प्युटर चालवू देणारं रीतसर सॉफ्टवेअर आहे, त्यामुळे बहुतेक वेळा ८,००० चा अँटीव्हायरससुद्धा गप्प बसतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणाची असेल, आणि ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तोटा तुमच्यावर नाही, पण ओटीपी, पासवर्ड तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंत गेलेले पैसे तुमचेच. म्हणून त्या खात्यात ६०-७० हजार ठेवा, बाकीचे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत (मर्यादा ३० लाख, तुमचे अजून काहीच नाहीत) आणि थोडे एफडीत. एफडी ऑनलाइन मोडता येणार नाही असं करून मिळतं का ते शाखेत विचारा, ट्रान्सफर लिमिट २५,००० वर आणा. काही झालंच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग मुलाला.

आणि डिस्कचं बिल जपून ठेवा. हिशोब सोसायटीचा आहे, निम्मे पैसे कमिटीकडे मागायला हरकत नाही, अर्थात सेक्रेटरी तुम्हीच असल्यामुळे मंजुरीची सही दुसऱ्या कुणाची तरी घ्या.