कॅरिबियनला जाऊन नुसतं वाळूत लोळायचं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

‘कॅरिबियनला जायचं ठरतंय, पण तिथे करायचं काय?’ अशा आशयाची पत्रं सध्या बरीच येताहेत. त्यातल्या काहींना इथे उत्तरं देतो. जवळपास सगळी उत्तरं त्रिनिदाद आणि टोबॅगो या एकाच देशाभोवती फिरतील, हे आधीच सांगून टाकतो. पक्षपात आहे आणि तो जाणूनबुजून केलाय. समुद्र आणि नारळ कॅरिबियनमध्ये सगळीकडे मिळतात. समुद्राकडे पाठ फिरवली तरी दिवस पुरत नाहीत, असं बेट मात्र त्रिनिदादच.

आम्ही चौघं, नऊ दिवसांची सुट्टी. बार्बाडोस, सेंट लुसिया, अँटिग्वा आणि त्रिनिदाद अशी चार बेटं बसवता येतील का? (ठाणे)

बसवता येतील, पण निम्मी सुट्टी विमानतळावर जाईल. नकाशावर ही बेटं चिकटून दिसतात म्हणून फसायला होतं. प्रत्येक बेट म्हणजे वेगळा देश. तिथे पुन्हा इमिग्रेशनची रांग, पुन्हा बॅगा. मधली विमानं छोटी आणि मोजकी असतात, त्यांच्या वेळा आपल्या सोयीने जुळतीलच असं नाही. शिवाय मुंबईहून तिथे पोचण्यात आणि परतण्यात दोन-तीन दिवस सहज जातात. उरलेल्या दिवसांत चार किनारे पाहून तुम्ही परत याल आणि कुठला फोटो कुठल्या बेटावरचा यावरून घरात वाद होतील. त्रिनिदादला चार दिवस आणि टोबॅगोला दोन-तीन दिवस द्या. दोन्हींमधलं विमान पंचवीसेक मिनिटांचं आहे. बोटही आहे, पण तिला तीन-चार तास लागतात आणि समुद्र खवळलेला असला की पोट ढवळून निघतं.

जानेवारी ते मे हे कोरडे महिने. जूनपासून डिसेंबरपर्यंत पाऊस. हा देश बराच दक्षिणेला असल्यामुळे हरिकेन सहसा उत्तरेकडून निघून जातात. सहसा म्हणतोय, कारण १९६३ साली फ्लोरा नावाच्या वादळाने टोबॅगो झोडपून काढलं होतं.

मी ६६ वर्षांचा, पत्नी ६३. व्हिसा लागत नाही असं ऐकलं. मग आणखी कुठल्या कागदपत्रांची काळजी घ्यायची? (पुणे)

पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत भारतीय पासपोर्टवर त्रिनिदादचा व्हिसा लागत नाही, हे बरोबर. पण तिथे थेट विमान नाही. अमेरिका, ब्रिटन किंवा कॅनडा यांच्यामार्गे गेलात तर तिथल्या ट्रान्झिट व्हिसाचा प्रश्न येतो, आणि अमेरिकेत तर नुसतं विमान बदलायलासुद्धा व्हिसा हवाच. तिकीट काढण्याआधी मार्गावरच्या प्रत्येक विमानतळाचा नियम बघा. स्वस्त तिकिटात गोम असते ती इथेच.

दुसरी बाब त्याहून मोठी आहे आणि ट्रॅव्हल एजंटसुद्धा ती कधीकधी विसरतात. यलो फीव्हर, म्हणजे पीतज्वर. भारत सरकारच्या पीतज्वराच्या यादीत त्रिनिदाद आहे. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लशीचं पिवळं कार्ड जवळ नसलं, तर तुम्हाला विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, आणि ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची. एकदा घेतली की कार्ड जन्मभर चालतं.

तुमच्या बाबतीत मेख अशी की ही जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीच्या पुढे तिच्या गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर आणखी जपायला हवं. तेव्हा आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, मग तिकीट काढा. डॉक्टर नको म्हणाले तर हट्ट धरू नका, बार्बाडोसला जा. ते या यादीत नाही आणि व्हिसाही लागत नाही. ‘आम्ही फक्त टोबॅगोत राहणार, यादीत तर त्रिनिदाद आहे’ असा युक्तिवाद काही जण करतात. तो खोटा नाही, पण पासपोर्टवरचा शिक्का एकाच देशाचा असतो. मुंबईच्या काउंटरवर पहाटे तीन वाजता हे कोणाला समजावत बसणार?

आम्ही शुद्ध शाकाहारी. कॅरिबियनमध्ये ब्रेड-बटरवर दिवस काढावे लागतील का? डाळ-तांदूळ सोबत न्यावे का? (नागपूर)

इतर बेटांवर ही भीती थोडीफार खरी आहे. त्रिनिदादला मात्र कुकर घरीच ठेवा.

३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ नावाचं जहाज भारतातून करारबद्ध मजूर घेऊन इथे लागलं. १९१७ पर्यंत असे एक लाख चाळीस हजारांहून अधिक लोक उसाच्या मळ्यांवर आणले गेले. बहुतेक जण आजच्या उत्तर प्रदेश-बिहारच्या भागातले. भाषा पुढच्या पिढ्यांत विरत गेली, आज सगळे इंग्रजीच बोलतात. स्वयंपाकघर मात्र टिकलं.

सकाळी नाश्त्याला डबल्स खा. रस्त्याकडेच्या गाडीवर विक्रेता हातावर कागद घेतो, त्यावर हळदीचे दोन मऊ बारा (मैद्याचे, पुरीहून लिबलिबीत) एकमेकांवर थोडे चढवून टाकतो. वर डावभर रसदार छोले, मग चिंचेची चटणी, किसलेली काकडी, आणि हे सगळं दोन सेकंदांत कागदात पिळून तुमच्या हातात. उभ्याउभ्याच खायचं. रस मनगटावर ओघळतो, त्याला इलाज नाही. तिखट किती हवं ते विचारतात तेव्हा ‘स्लाइट’ म्हणा. विदर्भातले असाल म्हणून छाती काढून जास्त मागू नका. मोरुगा स्कॉर्पियन ही मिरची याच बेटावरची आहे आणि २०१२ साली ती जगातली सर्वांत तिखट ठरली होती.

दुपारी रोटी शॉप गाठा. धालपुरी म्हणजे पुरणपोळीच, फक्त पुरण पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं आणि तिखट-मिठाचं. तिच्यात छोले-बटाटा, भोपळा, चवळीच्या शेंगा, ‘भाजी’ (त्यांच्याकडे भाजी म्हणजे पालेभाजीच) असं हवं ते गुंडाळून मिळतं. सकाळी सादा रोटी आणि वांग्याचा चोखा मिळाला तर डबल्सही विसराल. दक्षिणेकडे डेबे गावात तळलेल्या पदार्थांच्या टपऱ्या ओळीने उभ्या आहेत. तिथली फुलौरी चिंचेच्या चटणीसोबत खाल्ल्याशिवाय पुढे सरकू नका.

सांभाळायचं ते कॅलालूबाबत. हे अळूसारख्या पानांचं गरगट शाकाहारी दिसतं, पण त्यात बऱ्याचदा खेकडा असतो. पेलाव नावाच्या भातात चिकन असतं, मॅकरोनी पायमध्ये अंडं. विचारून घ्या, लोक मोकळेपणाने सांगतात.

जाता जाता एक सुचवतो. कारापिचाइमा गावात दत्ताचं मंदिर आहे आणि त्याच्या आवारात ८५ फुटी हनुमान उभा आहे. तिथून जवळच वॉटर्लूला समुद्रातलं मंदिर. सिवदास साधू नावाच्या मजुराने ते आधी साखर कंपनीच्या जमिनीवर बांधलं, तर कंपनीने पाडायला लावलं आणि त्याला तुरुंगात धाडलं. जमीन कोणाची ना कोणाची असतेच, समुद्र तर कोणाचा नाही ना, म्हणून सुटल्यावर सायकलवरून बादल्यांनी दगड-माती वाहून त्याने समुद्रातच भराव घालायला घेतला. त्यात त्याची वीस-पंचवीस वर्षं गेली. आजची इमारत १९९५ च्या सुमारास नव्याने बांधलेली आहे. भरतीच्या वेळी जा, ओहोटीला भोवती नुसता चिखल असतो.

पक्षी आणि कासवं हा माझा छंद आहे. वेळासचा कासव महोत्सव दर वर्षी चुकवत नाही. माझ्यासाठी काय? (चिपळूण)

तुमच्यासाठी तर हा देश बनलाय.

राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या दक्षिणेला कारोनीची खारफुटी आहे. दुपारी चारच्या सुमारास सपाट तळाच्या बोटी निघतात. आपल्याकडे काळा शराटी आणि पांढरा शराटी असतो, तसा हा लाल शराटी, इथला राष्ट्रीय पक्षी. लाल म्हणजे फिकट गुलाबी नाही, कुंकवासारखा. खेकडे-कोळंबीतल्या रंगद्रव्यामुळे तो रंग येतो, पिल्लं मात्र करड्या-तपकिरी रंगाची असतात. वाटेत अरुंद खाडीतून जाताना वर बघत राहा, डोक्यावरच्या फांदीला बोआ अजगर वेटोळं घालून झोपलेला असतो. मग बोट मोकळ्या पाण्यात दूर थांबते, इंजिन बंद होतं. सूर्य कलला की थवे येऊ लागतात आणि समोरचं हिरवं बेट लाल ठिपक्यांनी भरत जातं. मधूनमधून बगळ्यांचे पांढरे ठिपके. दुर्बीण न्याच. मोबाइलच्या कॅमेऱ्यात हे सगळं मुंगीएवढं येतं आणि घरी दाखवताना ‘इथे, इथे बघ’ असं बोटाने सांगावं लागतं. डासांचं मलमही न्या.

कासवांसाठी मार्च ते ऑगस्टमध्ये जा. ग्रांद रिविएर आणि मतुरा या किनाऱ्यांवर लेदरबॅक कासवाच्या माद्या अंडी घालायला येतात. वेळासला आपण पाहतो ती ऑलिव्ह रिडलीची पिल्लं, तळहातावर मावणारी. तिची आई चाळीस-पंचेचाळीस किलोची. लेदरबॅकची मादी तीनशे ते पाचशे किलोंची. काळोखात ती वाळू उपसते तेव्हा आधी धापा ऐकू येतात आणि मग आकार दिसतो. या महिन्यांत रात्री किनाऱ्यावर जायला परवाना लागतो आणि सोबत स्थानिक गाईड असतो. उजेड फक्त लाल टॉर्चचा, फ्लॅश अजिबात नाही. ग्रांद रिविएर राजधानीपासून लांब आणि वळणावळणाचं आहे, तेव्हा मुक्काम तिथेच करा.

बाबांना क्वीन्स पार्क ओव्हल बघायचं आहे. मॅच नसताना जाण्यात अर्थ आहे का? (डोंबिवली)

बाबांनी १९७१ चा मार्च रेडिओवर आणि वर्तमानपत्रांतून जगला असेल, तर मॅच असण्या-नसण्याचा काही संबंधच नाही. अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं ते याच मैदानावर. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ११२ काढल्या, पदार्पण करणाऱ्या सुनील गावसकरांनी ६५ आणि नाबाद ६७. त्याच दौऱ्यातली शेवटची कसोटीही इथलीच, त्यात गावसकरांच्या १२४ आणि २२० धावा. मालिकेत एकूण ७७४. पाच वर्षांनी, १९७६ मध्ये, भारताने चौथ्या डावात ४०३ चं लक्ष्य गाठलं तेही इथेच. मैदान पोर्ट ऑफ स्पेन शहरातच आहे, मागे डोंगररांग दिसते. गेटवर नीट विचारलं की बघता येतं का ते सांगतात. जवळच्या हॉटेलात उतरला असाल तर सकाळी लवकर चालत जा.

आम्हा दोघांनाही पोहता येत नाही. टोबॅगोला जाऊन काय करणार? (नाशिक)

नायलॉन पूल बघा. किनाऱ्यापासून दूर, ऐन समुद्रात, कमरेएवढं पाणी आणि खाली पांढरी वाळू. काचेच्या तळाची बोट तिथे नेते आणि वाटेत बकू रीफवरचे प्रवाळ दाखवते. कोणी प्रवाळांवर उभं राहायला सांगितलं तर नाही म्हणा. पायाखाली आलेलं प्रवाळ मरतं, आणि पाणी तापल्यामुळे आधीच बरंच पांढरं पडलंय.

पण टोबॅगोचं खरं वैभव डोंगरावर आहे. मेन रिज हे जंगल १७७६ साली कायद्याने राखीव झालं. झाडं तोडली तर पाऊस आटेल, हा त्यामागचा विचार होता. पश्चिम गोलार्धात इतकं जुनं राखीव जंगल दुसरं नाही. गाईड घेऊन गिल्पिन ट्रेसच्या वाटेने दोन-तीन तास चाला. चिखल असतो, गमबूट भाड्याने मिळतात.

कार्निव्हल तर आमच्या गोव्यातही असतो. मुद्दाम तिकडे का जावं? (मडगाव)

दोन्ही एकाच वेळी असतात, ॲश वेन्सडेच्या (ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो त्या बुधवारच्या) आधी, त्यामुळे एक निवडावाच लागेल. गोव्यात आपण कडेला उभं राहून चित्ररथ बघतो. तिथे पैसे भरून एखाद्या बँडचा (म्हणजे नाचणाऱ्यांच्या गटाचा) पोशाख घ्यायचा आणि दोन दिवस स्वतःच रस्त्यावर नाचायचं. सोमवारी पहाटे काळोखात अंगाला चिखल आणि रंग फासून जुव्हे, म्हणजे कार्निव्हलचा पहाटेचा जल्लोष, सुरू होतो. गर्दी सोसत नसेल तर आधीच्या आठवड्यांत स्टीलपॅनच्या बँडांचा सराव ऐकायला जा. तेलाच्या पिंपांपासून हे वाद्य याच बेटावर घडलं. सरावाच्या जागेला पॅनयार्ड म्हणतात, आणि खुर्चीवर निवांत बसून ऐकता येतं. २०२७ मध्ये कार्निव्हल ८ आणि ९ फेब्रुवारीला आहे. खोल्या कित्येक महिने आधी संपतात.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, लहान मुलं आहेत. त्रिनिदादमधल्या गुन्हेगारीच्या बातम्या वाचून धास्ती वाटते. (एडिसन)

धास्ती अनाठायी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये तिथे आणीबाणी जाहीर झाली होती. हिंसा मुख्यतः टोळ्यांमधली आणि ठरावीक वस्त्यांमधली आहे. लाव्हेंटिल, बीथम अशा भागांत जायचं कारण नाही. अंधार पडल्यावर पायी भटकू नका, निर्जन किनारे आणि डोंगरवाटा एकट्याने करू नका, टॅक्सी हॉटेलमधूनच मागवा. अधिकृत टॅक्सीची नंबरप्लेट ‘एच’ने सुरू होते. निघायच्या आठवड्यात अमेरिकी परराष्ट्र खात्याची सूचना वाचा. एवढं करूनही मन घेत नसेल तर सगळे दिवस टोबॅगोला द्या, तिथला वेग मुलांना मानवेल. एच-वन-बीवर असाल तर परतीसाठी पासपोर्टवरचा व्हिसा चालू आहे ना, हे आधी तपासा. आणि मुलांच्या बॅगेत लष्करी छापाची टी-शर्ट किंवा टोपी असेल तर घरीच ठेवा. त्रिनिदादमध्ये सामान्य नागरिकाने तसे कपडे घालणं बेकायदा आहे आणि ते जप्त होतात.