रहस्यकथा लिहायचीय, पण पोलिसांचं काहीच माहीत नाही!

प्रश्न : मी साताऱ्यात मेडिकलच्या दुकानात काम करते, डी.फार्म झालंय. रहस्यकथांचं वेड शाळेपासूनच, आता स्वतः लिहावीशी वाटतेय, पण तपास कसा करतात, पोस्टमॉर्टेममध्ये काय बघतात, यातलं काही म्हणजे काही माहीत नाही. दिवसभर काउंटरवर उभं राहून खुनाची गोष्ट सुचणार कुठून?

उत्तर : ताई, काउंटरवरूनच सुचेल, खरंच सांगतेय! रहस्यकथा लिहिणारी अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या टॉर्की गावात हॉस्पिटलच्या औषध विभागात काम करायची, १९१७ मध्ये त्याची परीक्षाही पास झाली. आजूबाजूला सगळ्या विषाच्या बाटल्या, मग पहिल्याच कादंबरीत खून विषानेच करायचा हे आपसूक ठरलं. ती १९२० मध्ये आली. खुनी कोण ते मी सांगणार नाही, पण युक्ती बघा. म्हातारीच्या टॉनिकमध्ये स्ट्रिक्नीन नावाचं विष आहे, आपल्या कुचल्याच्या बियांत असतं तेच, रोजच्या डोसात अगदी थोडं. त्यात कुणीतरी ब्रोमाइडची पावडर टाकतं, मग स्ट्रिक्नीन हळूहळू तळाशी बसतं आणि शेवटच्या डोसात जवळजवळ सगळं एकदम पोटात जातं. आता तुमच्या दुकानातली बाटली हातात घ्या, लेबलवर लिहिलेलं असतं ना, 'वापरण्यापूर्वी चांगली हलवा'? आपण रोज वाचतो आणि सोडून देतो. क्लू असाच हवा, वाचकाच्या नाकासमोर ठेवलेला, पण इतका रोजचा की त्याची नजर तिथे थांबूच नये.

माणसंही तिथलीच. अगाथाला शिकवणारा एक फार्मासिस्ट खिशात क्युरारी नावाच्या विषाचा खडा घेऊन फिरायचा, त्याने आपल्याला ताकदवान वाटतं म्हणायचा. हा माणूस तिच्या डोक्यात चाळीसेक वर्षं राहिला आणि १९६१ च्या कादंबरीत उतरला. म्हणून सुचण्याची वाट बघत बसू नका, कोण माणूस काय बोलला आणि बोलताना कसा वागला ते रोज घरी गेल्यावर वहीत लिहा, नावं मात्र बदला.

आणि तुमच्याकडे शेड्यूल एच-वनचं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न देता येणाऱ्या काही ठरावीक औषधांच्या विक्रीचं, रजिस्टर आहे की! डॉक्टर, पेशंट, औषध, किती दिलं, सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपून ठेवायचं. एखाद्या नोंदीचं अक्षर वेगळं निघालं तर? किंवा त्या तारखेला तो डॉक्टर गावातच नव्हता असं कळलं तर? मला तर आत्ताच वाचावीशी वाटतेय ही गोष्ट.

प्रश्न : खुनी आधी ठरवायचा की लिहिता लिहिता सापडतो?

उत्तर : लिहिता लिहिता शोधणारे लेखक आहेत, पण पहिल्या कथेला आधीच ठरवा. कुणी, का, कसं, हे आधी खुन्याच्या बाजूने सरळ तारीखवार लिहून काढा, हे पान छापायचं नाहीये, फक्त तुमच्यासाठी. मग त्यातलं काय कुणाला कधी दिसलं तेवढंच कथेत घ्या. पोलिसी माहितीसाठी हायकोर्टाच्या साइटवर खुनाच्या खटल्यांचे निकाल फुकट वाचायला मिळतात, त्यात पंचनामा, पोस्टमॉर्टेम, साक्षीदार उलटतपासणीत कुठे अडकला, सगळं येतं. भाषा रुक्ष असते खरी, पण आधी दोन-चार निकाल नीट वाचा आणि मगच तपासाचा प्रसंग लिहायला घ्या.