'कार्यक्षमतेने मोजणे' खटकते का?

परभणीच्या एका भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठीच्या टिपणात 'सममितीचा वापर करून क्वांटम अवस्थेचे गुणधर्म कार्यक्षमतेने मोजणे' असे वाक्य लिहिले असून ते मराठीत खटकते का, असे विचारले आहे.

खटकते, आणि ते 'कार्यक्षमतेने' या शब्दामुळे. कार्यक्षम आपण कर्मचाऱ्याला म्हणतो, मळणीयंत्राला म्हणतो; काम करणाऱ्याचा तो गुण झाला. या वाक्यातला मुद्दा खर्चाचा आहे. क्वांटम अवस्था मोजताना सहसा बदलून जाते, त्यामुळे तीच अवस्था पुन्हा पुन्हा तयार करून निरनिराळ्या रीतींनी मोजावी लागते. आणि दहा क्युबिटांच्या (क्युबिट म्हणजे क्वांटम माहितीचा सर्वात लहान एकक) अवस्थेचे संपूर्ण वर्णन हवे असेल, तर प्रत्येक क्युबिट तीनपैकी एका दिशेने मोजण्याच्या रूढ पद्धतीत एकूण ५९,०४९ मांडण्या (म्हणजे कोणता क्युबिट कोणत्या दिशेने मोजायचा याच्या निवडी) कराव्या लागतात. एक क्युबिट वाढला की हा आकडा तिप्पट होतो.

क्युबिटांची आपसांत अदलाबदल केली तरी अवस्था तीच राहत असेल, म्हणजेच ती सममित असेल, तर कोणता क्युबिट कोणत्या दिशेने मोजला याचा वेगळा हिशेब ठेवण्याचे कारण उरत नाही. सगळे क्युबिट एकाच दिशेने मोजायचे आणि मग ती दिशा बदलायची, एवढ्यावर भागते. भौतिकशास्त्रज्ञ गेझा टोथ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दिलेल्या या पद्धतीत दहा क्युबिटांना ६६ मांडण्या पुरतात. याला मराठीत सरळ 'मोजक्या मापनांत' म्हणावे. 'काटकसरीने' हेही अर्थाला धरून आहे, फक्त पाठ्यपुस्तकी टिपणात ते थोडे घरगुती वाटेल.

'मोजणे' हे क्रियापद ठेवावे, पण नाम 'मापन' असावे, कारण 'मोजणी' म्हटले की आपल्या भागात आधी शेताचा बांध आणि भूमापक आठवतो. 'सममिती' शालेय गणितात रुळलेला आहे. 'सममितता' करण्याची गरज नाही. 'गुणधर्म' मात्र अगदी योग्य आहे, कारण पुष्कळदा संपूर्ण वर्णन नकोच असते: अवस्था किती शुद्ध, म्हणजे किती बिनमिसळीची आहे एवढेच हवे असेल, तर तिच्या दोन प्रती एकत्र घेऊन ती जोडी अदलाबदलीला सममित आढळण्याची संभाव्यता काढली की शुद्धता मिळते.

आणखी एक दुरुस्ती सुचवतो. 'सममितीचा वापर करून' एवढेच लिहिले, तर ही युक्ती कोणत्याही अवस्थेचे संपूर्ण वर्णन देईल असा समज होतो. प्रत्यक्षात अवस्था सममित नसेल, तर त्या ६६ मांडण्यांतून तिचा फक्त सममित भाग कळतो. म्हणून 'अदलाबदलीने न बदलणाऱ्या क्वांटम अवस्थेचे गुणधर्म मोजक्या मापनांत ठरवणे' असे वाक्य मी लिहीन.