बाळ कुणाकडे टक लावून बघतं, यावरून वर्णद्वेष उपजत ठरत नाही

वर्णद्वेष जन्मजात असतो का, या तुमच्या प्रश्नात तीन दावे आहेत. तीन महिन्यांची बाळंसुद्धा आपल्या वंशाच्या चेहऱ्याकडे जास्त वेळ बघतात. वेगळ्या रंगाचा चेहरा दिसला की मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोक्याची दखल घेणारा छोटा भाग, जास्त सक्रिय होतो. आणि परक्याचा संशय हा उत्क्रांतीनेच माणसाच्या अंगात भिनवला आहे. म्हणून वर्णद्वेष जन्मजात, असा तुमचा निष्कर्ष. पहिल्या दोन दाव्यांमागे खरे अभ्यास आहेत. तरीही निष्कर्ष चुकतो, आणि का चुकतो ते त्याच अभ्यासांत सापडतं.

आधी बाळं घेऊ. या प्रयोगात बाळाला दोन चेहरे शेजारी शेजारी दाखवतात आणि ते कुठल्या चेहऱ्याकडे किती सेकंद बघतं ते मोजतात. बस, एवढंच. २००५ साली डेव्हिड केली आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच जन्मलेल्या बाळांवर हे करून पाहिलं, तेव्हा कुठल्याच वंशाकडे कल दिसला नाही. तीन महिन्यांच्या बाळांत तो दिसला. पुढच्याच वर्षी यैर बार-हाइम यांच्या गटाने इस्रायलमधली गोरी बाळं, इथिओपियातली बाळं आणि इथिओपियातून इस्रायलमध्ये आलेल्या कुटुंबांतली बाळं अशी तुलना केली. पहिले दोन गट आपापल्या वंशाच्या चेहऱ्यांकडे जास्त बघत होते. तिसऱ्या गटातल्या बाळांच्या अवतीभवती दोन्ही प्रकारचे चेहरे होते, आणि त्यांचा कल कुठेच नव्हता. कल रक्तातून आला असता, तर दोन्ही इथिओपियन गट सारखेच वागायला हवे होते.

शिवाय जास्त वेळ बघणं म्हणजे आवडणं नव्हे, आणि कमी बघणं म्हणजे तिटकारा तर नव्हेच. आईने सांभाळलेली याच वयाची बाळं बाईच्या चेहऱ्याकडे जास्त बघतात आणि मुख्यतः बापाने सांभाळलेली पुरुषाच्या. म्हणून कुणी बाळाला पुरुषद्वेष्टं ठरवत नाही!

अमिग्डालाचंही तेच. ईव्हा टेल्झर यांनी २०१३ मध्ये चार ते सोळा वर्षांच्या मुलांचे मेंदू तपासले. कृष्णवर्णीय चेहऱ्यांना अमिग्डालाचा जादा प्रतिसाद लहान मुलांत जवळपास नव्हताच, तो किशोरवयात उमटू लागला. ज्यांच्या अवतीभवती वेगवेगळ्या वंशांची मुलं होती, त्यांच्यात तो क्षीण होता. मेंदूच्या चित्रात एखादी गोष्ट दिसली की ती जन्मजातच असणार, हा समज फार पसरलाय. शिकलेली गोष्टही मेंदूतच साठते, दुसरीकडे कुठे जाणार?

उत्क्रांतीचा मुद्दा ऐकायला सगळ्यात पटणारा आणि खरं तर सगळ्यात कच्चा आहे. आपले पूर्वज पायी फिरत. पायी जाता येईल तेवढ्या अंतरात त्वचेचा रंग फारसा बदलत नाही, तो अंतरागणिक हळूहळू बदलत जातो. म्हणजे ज्याच्याशी पाण्यावरून, शिकारीवरून भांडण व्हायचं, तो शत्रू दिसायला आपल्यासारखाच असायचा. मग रंग ओळखून सावध करणारी यंत्रणा तयार होणार कशी आणि कशासाठी? मात्र कोण कुणाच्या बाजूचा आहे, हे ओळखण्याची गरज रोजचीच होती.

हाच तर्क धरून रॉबर्ट कुर्झबान, जॉन टूबी आणि लीडा कॉस्मिडीस यांनी २००१ मध्ये एक प्रयोग केला. दोन बास्केटबॉल संघांत बाचाबाची झाली आहे, दोन्हीकडे गोरे आणि कृष्णवर्णीय खेळाडू आहेत. प्रत्येकाचा फोटो आणि त्याचं एकेक वाक्य दाखवलं, आणि नंतर अचानक विचारलं की कुठलं वाक्य कोणाचं? यात चुका होणारच, गंमत कुठल्या चुका होतात यात आहे. सगळ्यांचे कपडे एकाच रंगाचे असताना लोक एका कृष्णवर्णीयाचं वाक्य दुसऱ्या कृष्णवर्णीयाच्या नावावर खपवत होते. संघागणिक जर्सीचा रंग वेगळा केल्यावर गोंधळ संघातल्या संघात होऊ लागला आणि वंशावरून होणाऱ्या चुका बऱ्याच कमी झाल्या. जन्मभराची सवय काही मिनिटांत इतकी ढिली पडली. स्त्री-पुरुष असा भेद ठेवून हेच केलं तेव्हा तो भेद मात्र तसा हटला नाही.

म्हणजे उपजत काही नाहीच का? आहे. आपपरभावाची तयारी उपजत असावी, असं मला वाटतं. हेन्री ताजफेल यांनी १९७०च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांचे अगदी क्षुल्लक कारणावरून दोन गट पाडले. मुलांना आपल्या गटात कोण आहे हेही माहीत नव्हतं. तरी पैसे वाटताना, आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण समोरच्याला त्याहून कमी मिळावेत, असाच कल दिसला. रेघ ओढायला माणूस तयारच बसलेला असतो. ती त्वचेच्या रंगावरून ओढायची, हे भोवतालचा समाज पुरवतो.

इथे “पण माझ्या मुलाला घरी कुणी असलं काही शिकवलं नाही” हा आक्षेप येतो. शिकायला शिकवणारा लागतोच असं नाही. केनेथ आणि मेमी क्लार्क यांनी १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेकांनी चांगली म्हणून गोरी बाहुली उचलली. आपल्याच रंगाला कमी लेखायला या मुलांना आईबापांनी शिकवलं असेल का? २००९ चा एक अभ्यास तर आणखी बोलका आहे. टीव्ही मालिकांतली दृश्यं आवाज बंद करून आणि समोरचं पात्र कापून दाखवली. समोर कोण आहे हे न दिसताही, ते पात्र कृष्णवर्णीय असेल तेव्हा इतरांच्या चेहऱ्यावर, हावभावात आपुलकी कमी असते, हे पाहणाऱ्यांना जाणवलं. समोरचं पात्रही दिसतंय असे मूक तुकडे बघितल्यावर प्रेक्षकांचा कलही त्या दिशेने सरकला. का, ते त्यांना सांगता येत नव्हतं.

आणि शिकलेलं म्हणजे चुटकीसरशी पुसलं जाणारं, असंही समजू नका. कॅल्विन लाय यांच्या गटाने २०१६ मध्ये वंशाबद्दलचा नकळत असणारा कल कमी करणारे नऊ उपाय तपासले. सगळ्यांचा परिणाम लगेच दिसला, पण काही तासांत किंवा दिवसांत ओसरला. प्रत्यक्ष सहवासाचा अनुभव त्यामानाने बरा आहे. पण तिथेही मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच अट सांगितली होती: दर्जा बरोबरीचा हवा आणि काम एकत्र मिळून करायचं हवं. नुसत्या जवळ असण्याने भागत असतं, तर गुलामांच्या हातचं रोज खाणारे मालक कधीच सुधारले असते.