उलुरूला एकटीनं जाताना कॅम्पिंग टूर घ्यावी का हॉटेल?

तुम्ही विचारलंय की जुलैमध्ये सिडनीला मावशीकडं जाताय, तिथनं उलुरूची, म्हंजे ऑस्ट्रेलियाच्या मधोमध वाळवंटातल्या त्या प्रचंड लाल खडकाची, तीन दिवसांची बॅकपॅकरवाली कॅम्पिंग टूर एकटीनं करावी का विमानानं थेट जाऊन हॉटेलात राहावं, आणि उघड्यावर कधी झोपला नाही म्हणून भीती वाटतेय. मी पण कोल्हापूरचीच, मंगळवार पेठेतली, आणि ही टूर मी एकटीनंच केलीय, ती पण जुलैमध्येच. त्यामुळं सरळ सांगते, कॅम्पिंगच करा.

हॉटेलात राहिलात तर संध्याकाळी बसनं नेतात, सूर्य मावळताना खडक लाल होतो तो दाखवतात आणि परत आणून सोडतात. खडक भारीच आहे, पण त्याचे फोटो आपण सगळ्यांनी बघितलेत. वाळवंट किती मोठं आहे ते तिथं जमिनीवर झोपल्याशिवाय आणि त्या रस्त्यानं गेल्याशिवाय कळत नाही. बहुतेक टूर ॲलिस स्प्रिंग्स नावाच्या गावाहून निघतात, तिथनं उलुरू साधारण ४५० किलोमीटर, म्हंजे कोल्हापूर-मुंबईपेक्षा जास्तच, आणि आपल्याला कसं हायवेला लागलं की कराड, सातारा, मध्ये ऊस, रसवंती, पाच-पाच मिनिटाला हॉटेल अशी सवय, तिथं पहिले २०० किलोमीटर गेल्यावर एर्लडंडा नावाचा एक पेट्रोल पंप आणि त्याला लागून खाण्याची जागा, संपलं. मध्ये माणूस नाही. मला पहिल्या दोन तासात चक्क घाबरल्यासारखं झालेलं आणि नंतर इतकं शांत वाटायला लागलं की बसमध्ये कुणी गाणी लावली तर नको वाटायची.

अजून एक, वाळवंट म्हटल्यावर मी जैसलमेरसारख्या वाळूच्या टेकड्या डोक्यात घेऊन गेलेले. तसं नाहीये. लाल माती, त्यात स्पिनिफेक्स नावाच्या गवताचे गोल गोल झुबके, लांबून मऊ दिसतात पण हात लावला की सुया टोचतात, आणि मध्ये मध्ये डेझर्ट ओकची झाडं, त्यातनं वारा गेला की पावसाच्या सरीसारखा आवाज येतो. आपल्या पन्हाळ्याकडचा जांभा पण लालच, पण हा लाल वेगळा, मोज्यातनं अजून निघालेला नाही. वाटेत डावीकडं एक सपाट माथ्याचा डोंगर दिसतो आणि सगळी बस फोटो काढायला उठते, तो उलुरू नव्हे, माउंट कॉनर.

आता झोपायचं. तंबू नसतो बऱ्याच टूरमध्ये, स्वॅग असतो. म्हंजे जाड ताडपत्रीची खोळ, आत पातळ गादी, त्यात आपली स्लीपिंग बॅग घालायची आणि चेन लावून घ्यायची. लहानपणी मे महिन्यात गच्चीवर वाकळ टाकून झोपायचो ना आपण, तसंच, फक्त थंडी कडाक्याची. जुलै म्हंजे तिकडं हिवाळा, रात्री पारा शून्याच्या आसपास जातो, लोकरीची टोपी आणि दोन जोड मोजे न्याच. माझ्या कंपनीनं बुकिंग करताना स्लीपिंग बॅगचं काही सांगितलं नव्हतं, तिथं पोचल्यावर वेगळं भाडं मागितलं, मला ते अजिबात पटलं नाही, तुम्ही आधी लिहून विचारून घ्या. शाकाहारी असाल तर ते पण तेव्हाच सांगा.

एकटीची भीती म्हणाल तर पहिल्याच संध्याकाळी जाते, कारण काम असतं. आम्ही एकोणीस जण होतो, गाइडच ड्रायव्हर आणि तोच आचारी. उलुरूच्या नॅशनल पार्कमध्ये लाकूड तोडायला परवानगी नाही म्हणून आधीच रस्त्याच्या कडेला थांबून मल्गा नावाच्या झाडाची वाळलेली लाकडं ओढून ट्रेलरवर चढवायची, हात खरचटतात, मग कॅम्पवर कुणी कांदा चिरतंय, कुणी भांडी घासतंय. दोन तास शेजारी बसून भांडी घासल्यावर कोण परकं राहतंय? जाळाभोवती गोल करून सगळे झोपले, माझ्या एका बाजूला कोरियाची मुलगी, दुसऱ्या बाजूला जर्मनीच्या रिटायर्ड शिक्षिका. थंडीनं मला झोप लागेना म्हणून तोंड बाहेर काढलं, तर आपल्याकडं दक्षिणेला खाली दिसणारा वृश्चिक थेट डोक्यावर, आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्रिशंकू, जो आपल्याला उन्हाळ्यात क्षितिजाजवळ शोधावा लागतो, तो तिथं चांगला वर. मी रडले त्या रात्री, खरंच. आईला उठवून दाखवावंसं वाटत होतं.

चालायची तयारी मात्र पाहिजे. याच टूरमध्ये येणाऱ्या किंग्ज कॅनियन या खोल दरीची कडेकडेनं वाट ६ किलोमीटर, सुरुवातीलाच ५०० च्या आसपास पायऱ्या. उलुरूच्या पायथ्याची फेरी १०.६ किलोमीटर, सपाट आहे. उलुरूजवळच्या काटा त्जुटाला खडकाचे ३६ घुमट आहेत, तिथली व्हॅली ऑफ द विंड्सची वाट ७.४ किलोमीटर, आणि मला विचाराल तर उलुरूपेक्षा हीच जास्त आवडली. पाण्याचं मनावर घ्या. किंग्ज कॅनियनला सकाळी थंडी होती म्हणून मी एकच लिटर घेतलं आणि अर्ध्यात डोकं गरगरायला लागलं, गाइडनं स्वतःच्या बाटलीतलं दिलं. आपल्याकडं अंग चिकचिक झालं की कळतं घाम जातोय, तिथल्या कोरड्या हवेत घाम दिसायच्या आधीच उडून जातो. ३ लिटर घ्या, थंडी असली तरी. तिथल्या उन्हाळ्यात म्हंजे डिसेंबर-जानेवारीत कुणी बोलावलं तर जाऊच नका, ३६ डिग्रीच्या वर अंदाज असला की यातल्या काही वाटा सकाळी ११ नंतर नाहीतर त्याच्याही आधी बंद करतात.

उलुरूवर चढता येईल का हे पण विचारलंय तुम्ही. नाही. २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद आहे आणि ते योग्यच झालं. ती जमीन तिथल्या मूळ रहिवासी अनांगू लोकांची, १९८५ साली त्यांना परत मिळाली, आणि खडक त्यांना पवित्र. आपण जोतिबाला डोंगर चढून जातो ते दर्शनाला, त्यांच्याकडं न चढणं हीच रीत. पायथ्याला काही ठिकाणी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, तिथं मोबाईल खिशात ठेवा, आणि खडा, माती काही उचलून आणू नका. नेलेले दगड लोक नंतर माफीची चिठ्ठी लावून पोस्टानं परत पाठवतात तिकडं.

आणि हो, रात्री शूज स्वॅगच्या आत घेऊन झोपा. डिंगो येतात, जंगली कुत्रे, माणसाच्या वाट्याला सहसा जात नाहीत पण शूज उचलून नेतात. आमच्यातल्या एकाचा डावा शूज सकाळी अर्ध्या किलोमीटरवर सापडला.