दूध कमी करण्याआधी लाइट बिल उलगडून बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की नाशिकला पाच माणसांचं घर आहे, 45,000 रुपयांत सगळं भागवायचं, मे महिन्याचं लाइट बिल 342 युनिटचं आलं, किराणा थांबायचं नाव घेत नाही, आणि आता रोजचं दूध अर्धा लिटर कमी करायचं घरात चाललंय. माझं स्पष्ट मत सांगते. दूध, डाळ, अंडी यांना हात लावू नका. अर्धा लिटर दूध बंद केलं तर महिन्याला 900 च्या आसपास वाचतील, हे खरं. पण वाढत्या अंगाच्या पोरांच्या ताटातून काढायची ही रक्कम नाही. तेवढेच पैसे दुसरीकडून कसे निघतात ते बघू.

पहिली जागा लाइट बिल. आमच्या इमारतीचे हिशेब बरीच वर्षं माझ्याकडे आहेत, त्यामुळे शेजारपाजारची बिलंही वाचायला माझ्याकडेच येतात. बहुतेक जण फक्त खालचा आकडा बघतात आणि कपाळाला हात लावतात. तुम्ही आधी चालू रीडिंग आणि मागील रीडिंग बघा, मीटरशी ताडून घ्या. रीडिंग न घेता सरासरीने बिल आलं असेल तर लगेच तक्रार नोंदवा. मग युनिटकडे या. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: 100 पर्यंत, 101 ते 300, 301 ते 500, आणि त्यापुढे. पहिल्या शंभरापेक्षा दुसऱ्या टप्प्यातल्या युनिटचा वीज आकार दुपटीच्या घरात जातो, तिसऱ्या टप्प्यात जवळपास तिपटीच्या. वर वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे, आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे तुमच्या 342 युनिटमधली शेवटची 42 युनिटं सगळ्यात महाग पडली. कात्री तिथेच लावायची.

ती कुठे लावायची? पंख्यांना. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो. उन्हाळ्यात रोज 16 तास फिरला तर दिवसाला 1.2 युनिट, महिन्याला 36. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा त्याच वेगाला 30 वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे महिन्याला 14-15 युनिट. सगळ्यात जास्त चालणारे दोनच पंखे बदलले तरी 42-43 युनिटं गेली आणि तुम्ही 300 च्या आत आलात. उन्हाळ्याच्या महिन्यात यातून 500 च्या वर रुपये सुटतात. एक पंखा अडीच-तीन हजारांना येतो, म्हणून दोन्ही एकदम घेऊ नका. आधी हॉलमधला, कारण सासूबाई दिवसभर तिथे असतात असं तुम्हीच लिहिलंय. हिवाळ्यात बचत कमी दिसेल, तेव्हा गीझरवर लक्ष ठेवा: 2,000 वॅटचा गीझर तासाला 2 युनिट घेतो आणि बटण बंद करायचं राहिलं तर पाणी थंड होईल तसा पुन्हापुन्हा सुरू होतो.

बिल देय तारखेच्या आधी, लवकर भरल्यास थोडी सूट मिळते, ती तारीख बिलावरच छापलेली असते. उशीर झाला तर 1.25 टक्के विलंब आकार. आणि उन्हाळ्यात सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल आलं तर घाबरू नका. ती वर्षभराच्या वापरावरून ठरते, तुमच्याच नावावर जमा राहते आणि तिच्यावर व्याज मिळतं. स्वतःचं छप्पर असेल तर छतावर सौर पॅनल बसवायच्या पीएम सूर्यघर योजनेचाही विचार करा, 1 किलोवॅटला 30,000 आणि 2 किलोवॅटला 60,000 रुपये अनुदान आहे. फ्लॅट असेल तर हा विषय सोसायटीच्या सभेतच काढावा लागेल.

आता किराणा. इथे भाव वाढतात ते आपल्याला दिसतं, पण पिशवी हलकी होते ते दिसत नाही. तेलाचीच पिशवी घ्या. एक लिटर तेल म्हणजे सुमारे 910 ग्रॅम. शेजारीच 800 ग्रॅमची, दिसायला तेवढीच पिशवी असते आणि ती 15 रुपयांनी स्वस्त म्हणून हात तिकडे जातो. समजा 910 ग्रॅमला 160 आणि 800 ग्रॅमला 145. किलोचा भाव काढला तर पहिली साधारण 176 ला पडते, दुसरी 181 ला. स्वस्त वाटलेली पिशवीच महाग. पाकिटांवर ग्रॅममागे किंवा किलोमागे किंमत छापायचा नियम आहे. बारीक अक्षरात असते, पण असते. एमआरपी सोडा, ती ओळ वाचा. साबण, शॅम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा दुकानदार जुनाच भाव लावत असेल तर निःसंकोच विचारा. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही त्याच दिवसापासून शून्य झाला, नूतनीकरणाची पावती तपासून घ्या.

सासूबाईंच्या बटणाच्या फोनला इंटरनेटचं रिचार्ज कशाला? फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायच्या आदेशानंतर 2025 च्या सुरुवातीपासून फक्त बोलणं आणि एसएमएसचे पॅक मिळतात. कंपनीच्या ॲपमध्ये ते खाली कुठेतरी असतात, शोधावे लागतात. महिन्याला शंभरएक रुपये तिथे वाचतील.

गॅसबद्दल एवढंच, की डाळ-कडधान्य भिजवून घ्या आणि कुकरची शिट्टी झाली की आच बारीक करा.

एका गोष्टीची मात्र मला खरी काळजी वाटते. तुम्ही ओझरतं लिहिलंय की मिस्टर क्रेडिट कार्डाची फक्त किमान रक्कम भरतात. उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढतं. किराण्यात शंभर ठिकाणी वाचवलेलं तिथे एका झटक्यात जातं. दोघांनी शांतपणे बसून ते कार्ड आधी संपवा. बोनस आला, भिशी लागली तर पहिले पैसे तिकडेच. ते झालं की जूनची शाळेची फी आणि विम्याचा हप्ता यांची बेरीज बाराने भागून तेवढी आवर्ती ठेव सुरू करा.

बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्यातला गेल्या मे महिन्याचा आकडा इथे लिहा. तो 300 च्या आत असेल तर यंदा घरात नवीन काय चालू झालंय ते शोधू. तेवढाच असेल तर मात्र वापर नाही, दर वाढलेत, आणि मग सुरुवात पंख्यांपासूनच करायची.