एकही गेम पुरा केलेला नसताना ऑनलाइन गेम जॅममध्ये उतरावे का?

प्रश्नात तुम्ही लिहिले आहे की तुम्ही सांगलीत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, पायथॉन बऱ्यापैकी येते, दोन मित्र सोबत आहेत, चित्रकला मात्र तिघांपैकी कोणालाच येत नाही, आणि आजवर एकही गेम पुरा झालेला नसताना शनिवार-रविवारच्या ऑनलाइन गेम जॅममध्ये, म्हणजे आयत्या वेळी जाहीर होणाऱ्या विषयावर ठरावीक तासांत गेम बनवण्याच्या उपक्रमात, उतरण्यात अर्थ आहे का. मी सांगलीतच राहून सॉफ्टवेअरचे काम करतो आणि सवड मिळेल तसा अशा जॅममध्ये भाग घेतो. माझे उत्तर असे, की अवश्य उतरावे, पण एक पथ्य पाळावे: पहिल्या रात्रीपासून शेवटच्या मिनिटापर्यंत जॅमच्या संकेतस्थळावरील तुमच्या पानावर खेळता येईल असा काहीतरी गेम चढवलेला असलाच पाहिजे. बाकी जे काही मी खाली सांगणार आहे ते बहुतेक या पथ्यातूनच निघते.

आधी जॅम कोणता निवडावा ते पाहू, कारण सगळ्यांचे नियम सारखे नसतात. लुडम डेअर हा 2002 पासून चालत आलेला जॅम आहे. त्याच्या मूळ स्पर्धेत माणसाने एकट्याने, 48 तासांत, चित्रे आणि आवाजांसह सगळे स्वतः करायचे आणि कोडही सर्वांसाठी खुला ठेवायचा असतो. त्याच्या दुसऱ्या, सैल गटात टीमला मुभा असते आणि 72 तास मिळतात. तुम्ही तिघे असल्यामुळे तुमच्यासाठी हा दुसरा गट. ‘गेम मेकर्स टूलकिट’ हे गेमविषयीचे यूट्यूब चॅनल चालवणाऱ्या मार्क ब्राउन यांनी 2017 मध्ये सुरू केलेला जीएमटीके जॅम इच डॉट आयओ या, कोणालाही आपले गेम चढवता येतील अशा संकेतस्थळावर भरतो. तो बरीच वर्षे 48 तासांचा होता, 2024 मध्ये त्याची मुदत 96 तासांची झाली. त्यात इतके गेम येतात की नवख्याचा गेम त्या गर्दीत सहज दिसेनासा होतो. इच डॉट आयओवर जवळजवळ प्रत्येक आठवड्याला लहान लहान जॅम चालू असतात. माझे मत विचाराल तर पहिला जॅम असाच एखादा लहानसा घ्यावा, जिथे सहभागी झालेले लोक एकमेकांचे गेम खरोखर खेळून पाहतात.

वेळेचे गणित कागदावर मांडून ठेवावे. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला विषय जाहीर झाला तर आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, आणि अमेरिकेतील शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे आपली शनिवारची पहाट किंवा सकाळ. विषय रात्री जाहीर होणार असेल तर जागरण करू नये. विषय वाचावा, तासभर तिघांनी बोलावे आणि झोपावे. दुपारी जांभया देत लिहिलेला कोड संध्याकाळी पुन्हा लिहावा लागतो.

आता मुख्य तयारीकडे येतो. जॅमच्या आधीच्या आठवड्यात तुम्ही गोडो हे गेम इंजिन, म्हणजे गेम बनवण्याचे सॉफ्टवेअर, उतरवून घ्या. ते फुकट आहे, 2014 पासून मुक्त परवान्याखाली आहे, आणि त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा पायथॉन येणाऱ्याला दोन-तीन संध्याकाळी देऊन हाताखाली येते. त्याच इंजिनात सी शार्प ही दुसरी भाषा वापरण्याचा मोह होईल, पण गोडोच्या चौथ्या आवृत्तीत सी शार्पमधला प्रकल्प ब्राउझरसाठी बाहेर काढता (एक्स्पोर्ट करता) येत नाही आणि जॅममध्ये ब्राउझरात चालणारा गेम असणे फार महत्त्वाचे आहे. अनोळखी माणसाची फाइल आपल्या संगणकावर उतरवून चालवायला लोक बिचकतात, तर दुवा दाबताच सुरू होणारा गेम कोणीही दोन मिनिटे खेळून पाहतो.

मग एक रिकामा गेम करा. पडद्यावर एक चौकोन, बाणाच्या कळांनी हलणारा, आणि कळ दाबली की एक आवाज, एवढेच. तो वेबसाठी बाहेर काढा, झिप करा आणि इच डॉट आयओवर एका खासगी पानावर चढवा. सर्व अडचणी इथेच भेटतात. झिपमध्ये इंडेक्स डॉट एचटीएमएल याच नावाची फाइल असावी लागते. फाइलच्या नावातील रोमन अक्षर मोठे की लहान हे विंडोज मनावर घेत नाही, पण चढवलेल्या गेममध्ये त्याने फरक पडतो, आणि तुमच्या लॅपटॉपवर दिसणारे चित्र तिथे गायब होते. खेळणारा पडद्यावर क्लिक करेपर्यंत ब्राउझर आवाज वाजू देत नाही, म्हणून सुरुवातीला ‘सुरू करा’ असे एक बटण ठेवावे लागते. गोडो 4.3 च्या आधीच्या चौथ्या आवृत्त्यांत वेबसाठी शेअर्ड ॲरे बफर नावाचा एक वेगळा पर्याय संकेतस्थळावर चालू करावा लागे, नाहीतर गेम उघडतच नसे; 4.3 पासून ती कटकट टाळता येते. रविवारी रात्री मुदतीला वीस मिनिटे उरलेली असताना या गोष्टी शोधत बसणारे लोक प्रत्येक जॅममध्ये दिसतात, आणि बहुतेकांचा गेम चांगला असतो.

कल्पना किती लहान असावी, हे उदाहरणाने सांगतो. 2019 च्या जीएमटीके जॅमचा विषय ‘फक्त एक’ असा होता. मला सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे सुचली. ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो: पेव म्हणजे जमिनीखालचे कोठार, तोंड अरुंद आणि आत प्रशस्त, तोंड बंद केले की आत हवा खेळत नाही, म्हणून हळदीला कीड लागत नाही आणि ती वर्षानुवर्षे टिकते. पण त्याच कारणाने पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे जिवावर बेतते. आधी काही काळ ते उघडे ठेवायचे, मग कंदील सोडून ज्योत टिकते का ते बघायचे. माझ्या पहिल्या आराखड्यात मार्केट यार्डातले हळदीचे सौदे होते, चढउतार होणारे भाव होते, हमाल होते, पोत्यांची मोजदादही होती. शनिवारी दुपारपर्यंत हे सगळे काढून टाकले. उरली ती एकच कळ: दाबून धरली की दोरावरचा कंदील खाली जातो, सोडली की वर येतो. खोल गेले की ज्योत बारीक होते, आणि ती विझण्याआधी कंदिलाच्या उजेडात आजूबाजूला काय आहे ते टिपायचे. अंधार काढायला चित्रकार लागत नाही. ज्योत म्हणजे तीन पिवळ्या चौकोनांची हालचाल होती, आणि ती कितपत थरथरावी यावर मी जितका वेळ घालवला तितका दुसऱ्या कशावरही घातला नाही. परदेशातल्या खेळणाऱ्यांना हळद जमिनीखाली साठवतात हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण ज्योत लहान होऊ लागली की हात आखडायचा, एवढे त्यांना न सांगता समजले.

तुमच्या चित्रकलेच्या अडचणीचे उत्तरही यातच आहे. विषय कळल्यावर प्रथम हे ठरवा की आपल्याला न येणारी गोष्ट ज्यात लागणारच नाही, असा गेम कोणता. तरीही चित्रे हवीच असतील तर केनी या संकेतस्थळावरील चित्रसंच कोणालाही, श्रेय न देतासुद्धा, वापरता येतात. मात्र लुडम डेअरच्या मूळ स्पर्धेत तयार चित्रे चालत नाहीत, आणि सैल गटात ती वापरली तर चित्रांसाठीच्या गुणांतून स्वतःहून बाहेर राहायचे असते. एआयकडून आयती चित्रे काढून घेण्याबद्दलही आता अनेक जॅमचे स्पष्ट नियम आहेत, ते आधी वाचावेत. आवाजांसाठी एसएफएक्सआर नावाचे छोटे साधन आहे. टोमास पेटरसन यांनी ते 2007 च्या डिसेंबरमधील लुडम डेअरच्या निमित्तानेच बनवले होते, आणि त्याच्या ब्राउझरात चालणाऱ्या आवृत्त्या आज मिळतात. उडी, धडक, नाणे असे आवाज त्यातून क्षणात निघतात. शेजारी मिरजेत तंतुवाद्यांची एवढी परंपरा आहे की एखाद्या ओळखीच्या सतारवाल्याकडून दोन-चार स्वर फोनवर मुद्रित करून आणले तर तुमचा गेम ऐकायलाही वेगळा वाटेल. हे अर्थात जॅमचा नियम काय म्हणतो ते पाहून.

गेममध्ये मराठी वापरायची असेल तर जरूर वापरा. गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीत जोडाक्षरे मोडून दिसत, त्यामुळे मी पेवाच्या गेममध्ये मजकूरच ठेवला नव्हता. 2023 मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत देवनागरी नीट जुळते. फक्त ब्राउझरात संगणकावरचे फॉन्ट हाताशी नसतात, म्हणून मुक्ता किंवा नोटो यांसारखा खुला देवनागरी फॉन्ट प्रकल्पातच ठेवावा. इंग्रजी मजकूर सोबत द्यावाच लागतो, कारण गुण देणारे जगभरचे असतात.

तिघांत कामाची वाटणी करताना कोड एकाच्याच हाती असावा असे मी म्हणणार नाही, पण सगळ्यांचे काम एकत्र करून पानावर चढवण्याची जबाबदारी एकाचीच असावी. दर तीन-चार तासांनी ते व्हायला हवे. वीज जाणे आपल्याकडे नवीन नाही, तेव्हा गिट या, कोडमधले बदल जपून ठेवणाऱ्या साधनातला कोड दूरच्या सर्व्हरवर वरचेवर पाठवत राहा. लहान गेमची झिप फोनच्या हॉटस्पॉटवरूनही चढते, म्हणून शनिवारी रात्री डेटा संपवून बसू नका.

मुदत संपली की काम संपले असे समजणारे बरेच असतात, पण त्यानंतरचे गुण देण्याचे दिवस तितकेच महत्त्वाचे आहेत. इच डॉट आयओवर तुमच्या गेमला मिळालेली मते जॅममधल्या मतांच्या मध्यम संख्येपेक्षा (मीडियनपेक्षा) कमी असतील, तर सरासरी गुण त्या प्रमाणात खाली ओढले जातात. लुडम डेअरमध्ये साधारण 20 जणांनी गुण दिल्याशिवाय क्रमांकच लागत नाही. मते मिळवण्याचा सरळ मार्ग म्हणजे दुसऱ्यांचे गेम खेळून त्यांना विचारपूर्वक दोन ओळी लिहिणे. ते उलट तुमच्याकडे येतात. पेवाच्या गेमच्या वेळी नेमका ऑगस्ट 2019 चा महापूर आला, सांगलीतले निम्मे रस्ते पाण्याखाली गेले, आणि त्या आठवड्यात गेम खेळून पाहण्याचे कोणाला सुचणार होते? मते थोडी पडली, क्रमांकही मागे गेला, पण आलेल्या प्रतिक्रिया पुढच्या गेमच्या वेळी कामी आल्या. तुम्ही मात्र जॅम निवडताना त्यापुढचा आठवडा तुमच्या अंतर्गत परीक्षांचा नाही ना, एवढे वेळापत्रकात पाहून घ्या.